ठिणगी पेटते, पण विझते कधी? हर्ट्झपासून स्यूडोस्पार्कपर्यंत वायूच्या स्विचची गोष्ट



आज जरा इतिहास. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण इतिहासाकडे मी वळले ती त्या फजितीमुळेच.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन थायरॅट्रॉनवर चालणारा एक पल्स जनरेटर आहे. सेकंदाला २०० पल्स तो वर्षानुवर्षं मुकाट्याने देत होता. मला हव्या होत्या १०००. म्हणून कपॅसिटर लवकर भरावा यासाठी मी चार्जिंगची चोक लहान केली. झालं! यंत्र सुरू केलं की दोन-चार सेकंदांत पॉवर सप्लाय ट्रिप. थायरॅट्रॉन एकदा चालू झाला की चालूच राहायचा. मला वाटलं, ट्रिगर कमजोर पडतोय. मग तीन आठवडे मी ट्रिगर सुधारत बसले. जास्त व्होल्टेज दिलं, जास्त तीव्र चढ दिला, नवीन केबल टाकली. काही फरक नाही.

शेवटी मॅडमनी माझी वही चाळली आणि म्हणाल्या, "अगं, तीन आठवडे तू दार उघडायच्या मागे लागली आहेस. ते बंद कधी होतं, हे एकदा तरी मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. प्रश्नच डोक्यात आला नव्हता. त्यानंतर जुने पेपर वाचायला घेतले, तेव्हा कळलं की या प्रश्नावर माणसं शंभराहून अधिक वर्षं डोकं लावत आली आहेत. तोच इतिहास तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी स्विचचं काम समजून घेऊ

हाय-व्होल्टेज पल्स तयार करायची रीत साधी आहे. कपॅसिटरमध्ये सावकाश ऊर्जा साठवायची आणि एका क्षणात लोडवर सोडायची. लोड म्हणजे रडारचा मॅग्नेट्रॉन, लेझरची नळी किंवा प्रवेगकातला चुंबक, काहीही असू शकतं. मधला स्विच तीन कामं करतो. एक, बंद असताना हजारो व्होल्ट अडवून धरायचे. दोन, हुकूम मिळताच काही नॅनोसेकंदांत चालू होऊन शेकडो-हजारो अँपिअर वाहू द्यायचे. तीन, पल्स संपली की पुन्हा पहिल्यासारखं निरोधक व्हायचं, म्हणजे मघाशी आपल्यातून करंट गेला होता हे विसरायचं.

वायू पहिली दोन कामं फार छान करतो. तटस्थ वायू उत्तम निरोधक आणि आयनीभवन झालेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, उत्तम वाहक. तिसऱ्या कामात मात्र गोची आहे. प्लाझ्मा तयार व्हायला नॅनोसेकंद पुरतात, पण नाहीसा व्हायला मायक्रोसेकंद ते मिलीसेकंद लागतात. इलेक्ट्रॉन आणि आयन भिंतीपर्यंत पोहोचून किंवा एकमेकांना भेटून तटस्थ होईपर्यंत थांबावंच लागतं. या क्षेत्राच्या इतिहासातलं जवळजवळ प्रत्येक वळण या तिसऱ्या कामाशी कुठेतरी जोडलेलं आहे. हेच मला या लेखात दाखवायचं आहे.

१८८७: हर्ट्झच्या दोन ठिणग्या

कार्ल्सरूहमध्ये हाइनरिश हर्ट्झ विद्युतचुंबकीय लहरी शोधत होता. त्याच्या उपकरणात इंडक्शन कॉइल होती आणि दोन गोळ्यांमधली फट होती. फटीत ठिणगी पडली की हवा इतक्या झटकन वाहक व्हायची, की जोडलेल्या तारांत अतिवेगवान आंदोलनं सुरू व्हायची. म्हणजे पाठ्यपुस्तकात आपण जिला 'लहरींचा स्रोत' म्हणतो, ती खरं तर जलद हाय-व्होल्टेज स्विच होती.

त्याच काळात त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. ग्राहक बाजूची बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ती अंधाऱ्या खोक्यात ठेवली, तर ती आखूडच झाली. मधे काच ठेवली तरी तेच. क्वार्ट्झ ठेवलं तर मात्र फरक पडेना. म्हणजे पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करत होता. फोटोइलेक्ट्रिक परिणामाची ही पहिली नोंद. आपल्यासाठी तिचा अर्थ एवढाच, की फटीत सुरुवातीचे इलेक्ट्रॉन प्रकाशाने पुरवता येतात. हे लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी ते परत येणार आहे.

१८८९ मध्ये फ्रीडरिश पाशेनने दाखवलं की वायूचं ब्रेकडाउन व्होल्टेज हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. आलेख काढला तर खोलगट बशीसारखा वक्र मिळतो. हवेसाठी तळाचं व्होल्टेज सुमारे ३३० व्होल्ट. तळापासून उजवीकडे गेलात तर इलेक्ट्रॉनच्या इतक्या टकरा होतात की दोन टकरांमध्ये त्याला पुरेशी ऊर्जा मिळत नाही. डावीकडे गेलात तर टकरायला रेणूच सापडत नाहीत. दोन्हीकडे ब्रेकडाउन अवघड होतं. पुढच्या सगळ्या वायू-स्विचांचे दोन वंश इथूनच फुटतात: उजवीकडचे स्पार्क गॅप, डावीकडचे थायरॅट्रॉन आणि स्यूडोस्पार्क.

बिनतारी: विझवण्याची पहिली लढाई

मार्कोनीच्या काळातले बिनतारी संदेश स्पार्क गॅपवरच चालायचे. ठिणगी पाडणं सोपं होतं. त्रास हा, की ठिणगी विझायची नाही. गरम, आयनीभूत हवा फटीत रेंगाळायची आणि ठिणगीचा आर्क व्हायचा. शिवाय अँटेनाकडे गेलेली ऊर्जा त्याच वाहक फटीतून परत यायची.

यावर दोन उपाय निघाले. पहिला यांत्रिक: फिरत्या चाकावर खुंट्या बसवायच्या. खुंटी समोर आली की ठिणगी, पुढे सरकली की फट मोठी होऊन ठिणगी खलास. टायटॅनिकवरच्या मार्कोनी संचात असाच फिरता स्पार्क गॅप होता. त्यामुळे त्याच्या संदेशाला खरखरीऐवजी सुराचा बाज होता.

दुसरा उपाय भौतिकशास्त्राचा. १९०६ मध्ये माक्स वीनने दाखवलं की एका मोठ्या फटीऐवजी मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्या पुष्कळ फटी जाड तांब्याच्या चकत्यांमध्ये एकापाठोपाठ ठेवल्या, तर ठिणगी फार लवकर विझते. का? कारण प्रत्येक आयनाला थंड धातू अगदी जवळ मिळतो. भिंत जवळ आणली की विसरणं लवकर होतं. पुढे टेलिफुंकेनने असे संच मोठ्या प्रमाणावर विकले.

ठिणगी इतकी झटकन का पडते, हे मात्र तेव्हा नीट माहीत नव्हतं. टाउनसेंडच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनांचा हिमलोट वाढत जातो आणि कॅथोडवर आदळणारे आयन नवे इलेक्ट्रॉन पुरवतात. पण १९२० च्या दशकात ऑसिलोग्राफ सुधारले आणि दिसलं की ब्रेकडाउन आयन कॅथोडपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधीच पूर्ण होतं. उत्तर १९४० च्या सुमारास आलं, राएथर, मीक आणि लोब यांच्या कामातून. हिमलोटात सुमारे १० कोटी इलेक्ट्रॉन जमले की त्यांचं स्वतःचं क्षेत्रच बाहेरच्या क्षेत्राएवढं होतं, आणि तिथून स्ट्रीमर नावाची आयनीभवनाची लाट फट ओलांडून जाते. स्पार्क गॅप पन्नास वर्षं वापरात होता आणि त्याचं स्पष्टीकरण नंतर आलं. आपल्याला सगळं समजल्यावरच प्रयोग करायचा, असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

थायरॅट्रॉन: दाराला कडी, पण एकाच बाजूने

१९२० च्या दशकात अमेरिकेत स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि अल्बर्ट हल काम करत होते. निर्वात नळीत थोडी पाऱ्याची वाफ ठेवली तर करंट कितीतरी जास्त मिळतो, हे माहीत होतं. पण पाऱ्याचे जड आयन तापलेल्या कॅथोडवर आपटून त्याची वाट लावायचे. हलने शोधून काढलं की आयनांची ऊर्जा साधारण वीस-बावीस व्होल्टच्या खाली ठेवली तर कॅथोड टिकतो. त्यातून थायरॅट्रॉन व्यवहारात आला. नाव ग्रीक 'थायरा' म्हणजे दार यावरून.

या दाराची गंमत बघा. ग्रिडवर ऋण व्होल्टेज असेपर्यंत इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडकडे जाऊ शकत नाहीत. ग्रिड धन केली की वायूचं आयनीभवन होतं आणि दार उघडतं. आता ग्रिड परत ऋण केली तर? काही होत नाही! प्लाझ्मातले धन आयन ग्रिडच्या तारांभोवती पातळ आवरण करतात, त्याला शीथ म्हणतात. ग्रिडचं क्षेत्र त्या शीथच्या बाहेर जातच नाही. शीथचा हा अभ्यास लँगम्यूरने त्याच प्रयोगशाळेत केला आणि 'प्लाझ्मा' हा शब्दही त्यानेच १९२८ मध्ये वापरात आणला. थोडक्यात, ग्रिड दार उघडू शकते, लावू शकत नाही. करंट थांबवायचा तर बाहेरच्या सर्किटने अ‍ॅनोडचं व्होल्टेज काढून घ्यायचं आणि प्लाझ्मा विरेपर्यंत थांबायचं.

माझ्या तीन आठवड्यांचं उत्तर या एका परिच्छेदात होतं. मी ट्रिगर म्हणजे ग्रिड सुधारत होते. बिघाड ग्रिडच्या हातात नव्हताच.

रडार आणि हायड्रोजन

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. त्याच वर्षी तो टिझार्ड मिशनबरोबर अमेरिकेत गेला आणि एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी उभी राहिली. मॅग्नेट्रॉनला हजारो व्होल्टच्या, मायक्रोसेकंदभराच्या पल्स लागायच्या आणि त्याही सेकंदाला शेकडो. सुरुवातीला पुन्हा फिरते स्पार्क गॅप आले. पण त्यांची वेळ पक्की नसते, थोडी मागेपुढे होते. यालाच आपण जिटर म्हणतो. पाऱ्याचे थायरॅट्रॉनही सुस्त. पाऱ्याचा अणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे २०० पट जड, म्हणून तेवढ्याच ऊर्जेला त्याचा वेग सुमारे १४ पट कमी. भिंतीपर्यंत जायला वेळ लागणारच.

केनेथ जर्मेसहाउझेनने तिथे हायड्रोजनचा थायरॅट्रॉन विकसित केला. हलका आयन लवकर भिंतीला पोहोचतो आणि कॅथोडवर आदळला तरी नुकसान कमी करतो. वायूचा दाब वातावरणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आणि ग्रिड-अ‍ॅनोडमधलं अंतर अगदी थोडं. म्हणजे पाशेनच्या वक्राची डावी बाजू. त्या काळचा ५सी२२ हा नमुना १६ हजार व्होल्ट अडवायचा आणि ३२५ अँपिअरची पल्स द्यायचा. जुळलेल्या लोडला निम्मं व्होल्टेज मिळतं हे धरलं, तर शिखराची शक्ती सुमारे २६ लाख वॅट, आणि तीही हातात मावेल अशा काचेच्या नळीतून.

अडचण एकच राहिली. हायड्रोजन धातूंमध्ये मुरतो आणि नळीतला दाब हळूहळू घटतो. त्यावर पुढे आली ती रिझर्व्हॉयरची युक्ती: टायटॅनियम हायड्राइड आत ठेवायचं, ते तापवलं की हायड्रोजन सोडतं. थायरॅट्रॉनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला रिझर्व्हॉयरचं बटण माहीत असतं. दाब वाढवा, स्विच लवकर चालू होतो, पण व्होल्टेज कमी धरतो आणि विसरायला जास्त वेळ घेतो. दाब कमी करा, उलटं होतं. स्विचची तिन्ही कामं एका बटणावर एकमेकांशी भांडतात.

रेडिएशन लॅबचं हे सगळं काम १९४८ मध्ये ग्लासो आणि लेबॅक यांनी संपादित केलेल्या 'पल्स जनरेटर्स' या ग्रंथात आलं. आजही तो वाचा, त्यातलं पल्स फॉर्मिंग नेटवर्कचं गणित जसंच्या तसं वापरता येतं. १९६६ मध्ये स्टॅनफर्डचा तीन किलोमीटरचा रेषीय प्रवेगक सुरू झाला, तेव्हा त्याच्या दोनशेहून अधिक क्लायस्ट्रॉनना पल्स पुरवायला हेच तंत्र होतं.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. १९४७ मध्ये जर्मेसहाउझेन, हॅरल्ड एजर्टन आणि हर्बर्ट ग्रायर यांनी ईजी अँड जी कंपनी काढली. तिचा क्रायट्रॉन हा बोटभर स्विच फ्लॅश आणि लेझरच्या सर्किटांत वापरला गेला, तसाच अणुबाँबच्या डेटोनेटरांसाठीही. एकाच क्षणी अनेक डेटोनेटर उडवायचे तर जिटर कमी हवाच. १९८५ मध्ये सुमारे ८०० क्रायट्रॉन परवान्याशिवाय इस्रायलला पाठवल्याबद्दल एका अमेरिकी निर्यातदारावर आरोपपत्र दाखल झालं. या क्षेत्रातले काही सुटे भाग मागवताना इतके फॉर्म का भरावे लागतात, असं तुम्हाला वाटलं, तर कारण हे आहे.

एकदाच चालणारे राक्षस

विसरायची गरजच नसेल तर? मग उजवी बाजू, म्हणजे उच्च दाबाचे स्पार्क गॅप, अजून राजा आहेत. १९२० च्या दशकात एर्विन मार्क्सने कपॅसिटर समांतर भरायचे आणि स्पार्क गॅपमधून एकसर जोडून सोडायचे, ही युक्ती काढली. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑल्डरमास्टनला जे. सी. मार्टिन यांच्या गटाने यातून मेगाव्होल्टच्या जलद पल्स काढल्या. ठिणगीचा मार्ग वाहक व्हायला किती वेळ घेतो, याचं मार्टिन यांचं अनुभवजन्य सूत्र आजही डिझाइनच्या पहिल्या पानावर असतं. क्षेत्र दुप्पट केलं तर हा वेळ सुमारे अडीच पटीने कमी होतो, असं ते सांगतं. म्हणूनच दाब वाढवून फट लहान करतात.

सँडियाच्या झेड यंत्रात ३६ मॉड्यूल आहेत आणि त्यांचे मुख्य वायू-स्विच लेझरने पेटवतात. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राची 'काली' यंत्रमाला याच मार्क्स-घराण्यातली. तुर्भ्याला व्याख्यानाला गेलात तर हा प्रश्न जरूर विचारा: पल्समागून पल्स द्यायची झाली, तर मर्यादा कुठे येते?

१९७९: कॅथोड न तापवता

जर्मनीत एर्लांगेनला येन्स क्रिस्टियानसेन आणि क्रिस्टोफ शुल्टहाइस कणांचे झोत तयार करण्याच्या मागे होते. स्विच हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांनी पोकळ कॅथोड आणि अ‍ॅनोड घेतले, मध्यभागी भोकं ठेवली आणि दाब पाशेनच्या डाव्या बाजूचा ठेवला. डावीकडे लांब वाटेने ब्रेकडाउन सोपं असतं, म्हणून विसर्जन थेट भोकांच्या अक्षावर, पोकळीच्या आतून सुरू होतं. करंट अचानक प्रचंड वाढतो, तोही थंड कॅथोडवरून. याला स्यूडोस्पार्क म्हणतात. तापवण्याची कटकट नाही आणि उलटा करंट आला तरी नळी तो सोसते. लवकरच लोकांच्या लक्षात आलं की हा तर स्विच आहे.

आणि आता हर्ट्झ परत येतो. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये मार्टिन गुंडरसन यांच्या गटाने असाच स्विच कॅथोडच्या पाठीमागच्या बाजूवर अतिनील प्रकाश टाकून पेटवला. ट्रिगरची तार हाय-व्होल्टेजच्या बाजूला न्यायची गरजच उरली नाही. १८८७ मध्ये अंधाऱ्या खोक्यात दिसलेलं निरीक्षण इथे उपकरण झालं.

आपल्याकडे पिलानीच्या सीरी संस्थेत हायड्रोजन थायरॅट्रॉन आणि स्यूडोस्पार्क स्विच, दोन्हींवर काम झालं आहे. इंदूरच्या आरआरकॅटमध्ये कॉपर व्हेपर लेझर बनले, आणि या जातीच्या लेझरला सेकंदाला हजारो पल्स लागतात. तिथे विसरण्याचा प्रश्न किती टोकाला जातो, ते आता तुम्हाला सांगायला नको.

मग हा विषय संपला का?

हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत विचारतात. सेमीकंडक्टरने थायरॅट्रॉनला अनेक ठिकाणांहून हटवलं, हे खरं. सर्नच्या एलएचसीत झोत बाहेर काढणाऱ्या किकर चुंबकांना सेमीकंडक्टर स्विच आहेत, कारण तिथे चुकून आपोआप चालू होणं अजिबात परवडत नाही. पण त्याच एलएचसीत झोत आत घेणारे किकर थायरॅट्रॉनवर उभे राहिले. एकाच यंत्रात दोन वेगळी उत्तरं. कोणतं काम महत्त्वाचं आहे त्यावर स्विच ठरतो.

माझं काय झालं? मॅडमच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा पल्सच्या *नंतरचा* अ‍ॅनोड व्होल्टेज मोजला. चोक लहान केल्यामुळे पल्स संपताच व्होल्टेज चढायला लागत होतं आणि ग्रिडभोवतीचा प्लाझ्मा तेव्हा विरलेलाच नसायचा. मग चार्जिंगच्या वाटेत एक आयजीबीटी टाकला आणि पल्सनंतर १०० मायक्रोसेकंद थांबूनच कपॅसिटर भरायला सुरुवात केली. एक हजार पल्स, विनातक्रार. गंमत म्हणजे सेमीकंडक्टरने इथे थायरॅट्रॉनची जागा घेतली नाही, त्याला फक्त दम खायला वेळ दिला.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर तीन गोष्टी सांगते. नवीन उपकरण हातात आलं की त्याचा पहिला पेपर शोधून वाचा. त्यात नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी गाळलेली अडचण स्पष्ट लिहिलेली असते. दुसरं, लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना कोणी काय बनवलं याची यादी करू नका, कोणत्या अडचणीमुळे बनवलं ते लिहा. माझ्या सिनॉप्सिसमध्ये हा एकच बदल केला, आणि समितीने पहिल्यांदाच मधेच न थांबवता ऐकून घेतलं. तिसरं, स्कोपचा टाइम-बेस एकदा तरी शंभरपट लांब करून बघा. आपल्याला हवी ती पल्स संपल्यावर काय चालतं, ते तिथेच दिसतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या वेळी पाशेनचा वक्र घरच्या घरी पायथनमध्ये कसा काढायचा ते बघू.